खामकाठचे आपले रविवार

विहीणबाई,

परवा तुमचा तेरावा झाला. ओसरीवर पाटावर तुमचा फोटो ठेवला होता, झेंडूचा हार घालून. फोटो कुठल्या तरी ओळखपत्रावरून मोठा केलेला असणार, कारण त्यात तुम्ही अशा बघताय, जणू फोटोवाल्यानं तुमच्या पेरूच्या बागेत गुरं सोडलीत. मला हसू आलं. तेराव्याला हसणं बरं दिसत नाही म्हणून मी पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मग मला खरंच रडू कोसळलं.

जरा शांत झाल्यावर त्या बाईंनी विचारलं, "तुमी इंदूबाईच्या कोण म्हणायच्या?"

माझा निखिल आणि तुमची प्राजक्ता यांचा काडीमोड झाला त्याला आता काही वर्षं झाली. मी म्हणाले, "मी सईची आजी."

"आन् इंदूबाई?"

"त्याही सईच्याच आजी."

बाईंनी मान हलवली. त्यांना कळलं की नाही कोण जाणे.

त्या दिवशी तुमच्याबद्दल लोक पुष्कळ बोलले. दौलताबादेत तुम्ही बचत गट कसा उभा केला, दिराला बांधावरून कसं सरळ केलं, सासूचं किती केलंत. मी ऐकत होते, पण ती बाई मला ओळखीची वाटत नव्हती. मला माहीत होत्या त्या रविवारी सकाळी छावणीत रिक्षातून उतरणाऱ्या, एका हातात सईचं बोट आणि दुसऱ्या हातात पेरूंची पिशवी घेतलेल्या तुम्ही. तुमच्याशी बोलायचं ते तेवढ्याबद्दलच.

आठवतो का तुम्हाला तो पहिला रविवार? सई तेव्हा बालवाडीत होती. रविवारी तिनं बापाकडं यायचं असं ठरलं होतं आणि पहिल्याच खेपेला निखिल आणि प्राजक्ता भर रस्त्यात असे भांडले की येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. सई मधे उभी होती, कानांवर हात ठेवून. मग दोन्ही घरांनी ठरवलं की पोरीची ने-आण आज्यांनी करायची. जागाही तुम्हीच सुचवलीत. तुम्ही दौलताबादहून येणार, मी उस्मानपुऱ्यातून, तर मधे छावणीजवळ खाम नदीच्या काठानं जी नवी लांबलचक बाग झालीय तिच्या फाटकाशी भेटायचं. "तिथं बसायला बाक हायेत आन् भांडायला कुणी वळखीचं नाय," असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात. मला तो टोमणा वाटला होता.

पुढच्या रविवारी फाटकाशी तुम्ही माझ्याकडे न बघता पिशवी पुढं केलीत. आत सईचे कपडे, खोकल्याचं औषध, डबा. "औशध जेवल्यावर द्यायचं," एवढंच बोललात. मीही "बरं" एवढंच म्हणाले. सईनं मात्र तुमचं बोट सोडलं नाही. मी हात पुढं केला तर तिनं माझंही बोट धरलं आणि तशीच दोघींच्या मधे उभी राहिली. तुम्ही बोट सोडवायला गेलात की तिचे ओठ थरथरायचे. मी तिला ओढायला गेले की तेच.

"थोडं आत येते मंग," तुम्ही म्हणालात. "फकस्त तिचं मन लागंस्तोवर."

तिचं मन लागायला तुमच्या हिशोबानं पुढची सगळी वर्षं लागली.

सुरुवातीचे काही महिने आपण दोघी तिला मधे घेऊन चालायचो आणि एकमेकींशी काही बोलायचं असेल तर तिच्यामार्फत बोलायचो. "सई, आजीला सांग, ऊन वाढतंय." "सई, तुझ्या उस्मानपुऱ्याच्या आजीला म्हणावं, आमी शेतातली मान्सं, आमाला ऊन लागत नाय." अकराच्या सुमाराला निखिल फाटकाशी यायचा, तेव्हा तुम्ही आधीच रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन उभ्या राहायच्या, त्याच्याकडे पाठ करून. नियम तुम्हीच घातला होता: फाटकाच्या आत कोर्टाचं नाव काढायचं नाय.

कोर्ट वर्ज्य, तर मग भांडायला काहीतरी हवंच होतं. आपल्याला नदी मिळाली.

"हिला नदी म्हन्ता तुमी?" पुलावरून खाली वाकून तुम्ही विचारलंत. "आमच्याकडल्या वढ्याला ह्याच्याहून जास्ती पानी आसतंय. ह्यो नाला हाय, इहीनबाई."

मला इतका राग आला की सईला मधे न घेता मी थेट तुम्हालाच उत्तर दिलं. आमच्या लहानपणापासून ही खामच आहे, म्हणाले. मधल्या काळात लोकांनी तिचा नाला केला, पुलावरून जाताना आम्हीही नाकाला रुमाल लावायचो, पण आता गाळ काढलाय, काठ बांधलेत, झाडं लावलीत, दोन वर्षांपूर्वी इथं उभंही राहवत नव्हतं. मी एकदम भाषणच ठोकलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "वास तर येतोय आजून." आणि खरंच येत होता. उन्हाळा होता तो.

पण त्या दिवशी आपण पहिल्यांदा एकमेकींच्या तोंडाकडे बघून बोललो, हे घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

आता त्या दिवसाकडे येते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, जाऊ द्या की, कशाला उकरायचं. पण माझ्या मनात तुमची जी जागा आहे ती त्या दिवशी तयार झाली, म्हणून उकरते.

पावसाळा सरत आला होता. नदीला पाणी होतं, कठड्याच्या जाळीत पुरानं आणून टाकलेल्या काटक्या आणि प्लास्टिक अजून अडकलेलं होतं. प्राजक्ताला पुण्यात नोकरी मिळतेय आणि ती सईला घेऊन जाणार, असं माझ्या कानावर आलं होतं. रात्रभर मला झोप नव्हती. छोट्या पुलाशी आल्यावर मी तुमचा नियम मोडून विचारलं.

"खरं आहे का?"

"काय?"

"पुण्याचं."

तुम्ही थांबलात. "तिची नोकरी हाय. तिनं काय करावं ते तुमी ठरवनार का?"

"नोकरीचं नाही म्हणत मी. पोर घेऊन जाणार म्हणे."

"मंग काय पोर इथं ठिवून जाईल? आई हाय ती."

"आणि निखिल कोण आहे? रविवारची एक दुपार मिळते त्याला. तीही काढून घ्या."

"मिळती कारन तुमच्या पोरानं बाकीचे वार घालवले! पोरगी रात्री फनफनत होती तवा फोन बंद करून बसला होता त्यो."

"आणि तुमच्या मुलीनं एकदा तरी धड बोलून बघितलं? दार लावून घ्यायचं, दोन-दोन दिवस!"

आपले आवाज कुठवर चढले होते ते आपल्याला कळत नव्हतं. हास्यक्लबातले म्हातारे हसायचे थांबून बघत होते. मग तुम्ही सवयीनं हात खाली नेलात, पोरीचं डोकं चाचपायला, आणि तिथं डोकं नव्हतं.

तुम्ही आधी पाण्याकडे बघितलंत. मीही पाण्याकडेच बघितलं. ते दोघींनी एकमेकींना सांगितलं नाही, नंतरही कधी नाही. आज सांगते.

"तुमी तिकडून," तुम्ही म्हणालात, "मी फाटकाकडून." आणि लुगडं वर खोचून तुम्ही पळत सुटलात. तुमचे ते दुखरे गुडघे घेऊन.

मी नदीच्या कडेकडेनं हाका मारत निघाले. ती बाग किती मोठी आहे हे मला त्या दिवशी कळलं. तोवर आपण फाटक ते पूल आणि पूल ते फाटक एवढंच चालत होतो. पुढं रस्ता वळतो, खाली उतरतो, परत वर येतो, बांबूंच्या मागं जातो, चित्रं काढलेल्या लांब भिंतीला लागून जातो. प्रत्येक वळणाला मला वाटायचं, आता दिसेल. चालणाऱ्या लोकांना विचारत होते, निळा फ्रॉक, दोन वेण्या. कुणी म्हणे बघितली, कुणी म्हणे नाही. मी मनातल्या मनात पुण्याला जा, मुंबईला जा, कुठंही जा, पण सापड, असं म्हणत होते.

सापडली ती पार टोकाला, रोपवाटिकेपाशी. बागेत काम करणाऱ्या बायका सावलीत भाकरी खायला बसल्या होत्या आणि आपली नात त्यांच्यात मांडी घालून बसली होती. हातात भाकरीचा तुकडा, ओठ ठेच्यानं लाल. मला बघून ती उठली नाही. तिनं विचारलं, "तुमचं झालं का भांडून?"

मी तिथंच मातीत बसले.

एक बाई म्हणाली, "लई वेळची बसलीय वो. म्हनली, माझ्या आज्या भांडायल्यात, झालं की येतील."

तेवढ्यात वरच्या वळणावरून आरडाओरडा ऐकू आला. "सरका! सरका बाजूला! अगं सरक की!" आणि तुम्ही आलात. सायकलवर. फाटकाबाहेर सायकली भाड्यानं देणाऱ्या गफ्फारचाचांची लाल सायकल, तुमचा पदर कमरेला आवळलेला, अंबाडा सुटलेला, डोळे मोठे झालेले. मागून चाचा धावत येत होते, "अम्मा, बिरेक! बिरेक मारो अम्मा!" तुम्ही आम्हाला बघितलंत, सईला बघितलंत, "सापडली!" म्हणून ओरडलात आणि न थांबता आमच्या समोरून तशाच पुढं गेलात. पुढं मेंदीचं कुंपण होतं. तुम्ही सरळ त्यात शिरलात.

आधी सई हसली. मग भाकरी खाणाऱ्या बायका. मग कुंपणातून तुमचा आवाज आला, "हसू नका, मला आदी भायेर काडा," आणि मला असं हसू फुटलं की डोळ्यातून पाणी यायला लागलं. चाचांनी आणि मी मिळून तुम्हाला बाहेर ओढलं. कोपर सोलवटलं होतं. मी नळावर पदर ओला करून ते पुसत होते आणि तुम्ही चाचांशी भांडत होतात.

"हायस्कूलला दौलताबादहून सायकलवर जायची मी. घाटातून. मेरेकू नक्को सिखाव."

"तो बिरेक कायकू नै मारे अम्मा?"

"सापडंना! आमच्या टायमाला हितं नव्हते बिरेक!"

मग तुम्ही सईला जवळ घेऊन पोटाशी धरलंत. तुमचे खांदे हलत होते. मी तुमच्या पाठीवर हात ठेवला. आपण एकमेकींना हात लावला तो लग्नातल्या गळाभेटीनंतर पहिल्यांदाच.

"पुण्याचं मला बी आवडलेलं नाय," तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात. "पन माझी लेक हाय. तुमचा लेक हाय. आपून काय करनार?"

प्राजक्ता पुण्याला गेलीच नाही; का, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. त्यानंतर ती बाग आपली झाली. सईनंच फर्मान काढलं की ती एकटी टोकापर्यंत जाऊन आली आहे आणि आज्या दोघी फक्त पुलापर्यंतच जातात, हे बरोबर नाही. मग आपण दर रविवारी थोडं थोडं पुढं जायला लागलो. एका रविवारी भिंतीवरची सगळी चित्रं. एका रविवारी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथल्या दगडावर नेहमी एक खंड्या बसतो, तो तुम्हीच आधी बघितलात आणि मला दिसेपर्यंत माझी हनुवटी धरून तोंड तिकडं वळवून ठेवलंत. नदीपलीकडची छावणीतली जुनी झाडं, त्यांच्यावर संध्याकाळी उतरणारे बगळे बघायचे म्हणून एकदा तर तुम्ही मुद्दाम सईला परत न्यायच्या वेळी लवकर आलात.

आणि पुलाखाली क्लॅरिनेटचा सराव करणारा तो बँडवाला! लग्नसराई नसली की तो तिथं बसायचा. तो तेच ते वरातीतलं वाजवायला लागला की तुम्ही वरून ओरडायच्या, "दादा, लग्नातलं नको रे! दुसरं कायबी वाजव!" त्याला कारण माहीत नव्हतं, पण तो हसून भजन धरायचा. तुम्ही माझ्याकडे बघायच्या, मी तुमच्याकडे. एवढी थट्टा आपल्याला परवडायला लागली होती.

मी धपाटे आणायचे. तुम्ही पहिला घास घेऊन दर वेळी सांगायच्या, "तीळ कमी पडलेत." मी एकदा मुद्दाम मूठभर तीळ घातले, तर म्हणालात, "आता तिळाचेच लाडू करायचे व्हते." तुमचे पेरू मात्र मी कधी नावं न ठेवता खाल्ले. नावं ठेवायला जागाच नव्हती.

सायकलीचं तुम्ही सोडलं नाहीत. गुडघ्यांना बरं असतं असं तुम्हीच डॉक्टरांच्या नावावर ठोकून दिलंत आणि दर रविवारी चाचांकडून ती लाल सायकल घ्यायला लागलात. पुढं सईला छोटी सायकल. तुम्ही दोघी पुढं आणि मी पायी मागं. वळणावर थांबून तुम्ही माझी वाट बघायच्या आणि मी पोचले की लगेच निघायच्या, म्हणजे मला दम खायला मिळू नये. मला सायकल शिकवायची तुम्ही किती खटपट केलीत. मी ऐकलं नाही. एकदा फक्त तुमच्या मागं कॅरिअरवर बसले, डोळे मिटून, तुमची कंबर घट्ट धरून. चाचा ओरडले, "अरे, दो-दो अम्मा!" आपण पडलो नाही, याचं मला अजून नवल वाटतं. वारा लागत होता तोंडावर. पोस्टाच्या खिडकीमागं जन्म गेला माझा, नवरा गेल्यावर घर एके घर. सुनेची आई मला मागं बसवून नदीकाठानं फिरवील असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

कोर्टाचा निकाल लागला, त्यानंतरचा पहिला रविवार आला. मला वाटलं तुम्ही येणार नाही, कुणाच्या तरी हाती पोरीला पाठवाल. तुम्ही आलात. पेरूंची पिशवी होती. आपण बाकावर बसलो, सई पुढं सायकल फिरवत होती.

"आता तुम्हाला काय म्हणायचं?" मी विचारलं. "विहीणबाई तर राहिला नाहीत."

तुम्ही पेरू चिरत होतात. चाकू थांबला नाही. "कोर्टानं त्या दोगांचं मोडलं," तुम्ही म्हणालात. "आपल्याला कुटं बोलिवलं व्हतं कोर्टात? आपलं नाव तरी हाय का त्या कागदावर?"

"नाही."

"मंग? घ्या, मीठ लावून घ्या, इहीनबाई."

मी पेरू खाल्ला. तुम्हाला काहीतरी म्हणायला हवं होतं मी तेव्हा. म्हणालेच नाही.

चूक कुणाची, हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. तुमचं म्हणणं, दोघं माझ्यापासून वेगळी राहिली असती तर संसार टिकला असता. माझं म्हणणं, प्राजक्तानं मनानं आधीच सोडलं होतं. वर्षातून एक-दोनदा तो वाद निघायचा, पण आता हळू आवाजात, सई लांब असताना, आणि दमलो की दोघी आपोआप गप्प व्हायचो. मला आजही माझंच खरं वाटतं. तुम्हालाही तुमचंच वाटत असणार. त्यानं काही अडलं नाही हे मला फार मोठं वाटतं, विहीणबाई. मी उभ्या आयुष्यात ज्यांच्याशी भांडले त्यांच्याशी एक तर बोलणं सोडलं, नाही तर हार मानली. दोन्ही न करता वर्षानुवर्षं शेजारी चालता येतं हे मला तुमच्याबरोबर कळलं.

आणि नदीचा वाद तर तुम्हीच हरलात. तुमच्या जाऊबाईंना तुम्ही एकदा बाग दाखवायला आणलंत आणि त्या नाक मुरडून "नाल्याकाठी कशाला आनलं" म्हणाल्या, तेव्हा तुम्ही केवढ्यानं अंगावर गेलात त्यांच्या! गाळ काढलाय, काठ बांधलेत, झाडं लावलीत. माझं सगळं भाषण शब्दन् शब्द. मी मागं उभी राहून ऐकत होते.

संक्रांतीनंतर तुम्ही सायकल घेईनाशा झालात. "चप्पल लागतीय" म्हणालात. मग चालणंही पहिल्या वळणापर्यंतच. "तुमी व्हा पुढं, मी हितं ऊन खाते." मला कळायला हवं होतं, पण तुम्ही इतक्या ठसक्यात सांगायच्या की मीच घाबरून पुढं जायचे. मग एका रविवारी प्राजक्ताचा मामा पोरीला घेऊन आला आणि म्हणाला, ताईला दवाखान्यात ठेवलंय, हृदयाचं आहे.

मी आले तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होतात. मी शहाळ्याचं पाणी आणलं होतं. तुम्ही म्हणालात थंड आहे, मी म्हणाले थंड नाही, सकाळचं आहे. तुम्ही म्हणालात मग तर शिळं आहे. शहाळ्याच्या पाण्यावरून आपण नर्स येऊन ओरडेपर्यंत भांडलो. मी घरून ठरवून आले होते की आज बोलायचं. की तुमच्यामुळं माझ्या घरात रविवार आला. की नात परकी झाली नाही. की पोटच्या पोराचा संसार मोडल्यावर मला जे तोंड लपवून बसावंसं वाटत होतं, त्यातून तुम्ही मला हाताला धरून उन्हात आणलंत. यातलं काही बोलले नाही. निघताना तुम्ही विचारलंत, "रैवारी फाटकापशी कोन येतंय पोरीला घ्याया?"

"मीच. मीच येते की."

"मंग ठीक," म्हणालात आणि डोळे मिटलेत. मग घरीही सोडलं होतं तुम्हाला. सगळे म्हणत होते, सुधारतायत.

फोन प्राजक्ताचा आला. किती वर्षांनी तिनं माझा नंबर लावला होता. ती म्हणाली, "आई..." आणि मला आधी क्षणभर वाटलं, तिनं मला हाक मारली.

तेराव्याला येताना मी औरंगपुऱ्यात जाऊन दुखवट्याची साडी घेतली प्राजक्ताला, तुमच्या मालकांना धोतर आणि टोपी. व्याह्यांकडून जायला हवं तसं. निखिल म्हणाला, "आई, कोणत्या नात्यानं नेतेस? ते घेणार नाहीत." मी म्हणाले, न घेतलं तर परत आणीन. त्यानं मला गाडीवर आणून सोडलं आणि स्वतः बाहेर चिंचेखाली थांबला.

माझी पिशवी बघून प्राजक्ताचे मामा अवघडले. "आता कशाला ते, ताई... नातं तर तसं..." मी पिशवी धरून उभी. तेव्हा तुमचे मालक, ज्यांचा आवाज मी लग्नानंतर ऐकला नव्हता, भिंतीला टेकून बसले होते ते म्हणाले, "ठिवा हितं. इहिनीचं हाय." त्यांनी डोक्यावरची जुनी टोपी काढली आणि मी आणलेली घातली. प्राजक्तानं पुढं येऊन साडी पदरात घेतली आणि वाकून माझ्या पाया पडली. सईनं मधल्या वेळात बापाला हाताला धरून आत आणलं होतं. तो पुरुषांत जाऊन बसला. प्राजक्तानं त्याला पाण्याचा तांब्या दिला, त्यानं घेतला. तेवढंच. तुम्हाला जास्तीचं काही सांगून खोटी आशा लावणार नाही.

भांडी आवरताना मी प्राजक्ताला विचारलं, पुण्याची नोकरी तेव्हा तू का सोडलीस. तुम्हाला विचारलं की तुम्ही खंड्याकडे बोट दाखवायच्या.

ती म्हणाली, "आईनं सोडायला लावली नाही. उलट म्हणाली, जा तू. पण सईला दर शनिवारी मी पुण्याहून घेऊन येणार, रविवारी नदीवर नेणार आणि रात्रीच्या बसनं परत सोडणार. मला शपथ घालून सांगत होती. गुडघे असे, आणि ही बस करणार दर आठवड्याला. आणि केलंच असतं तिनं. मग मीच इथं कंपनी बघितली."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मी आभार मानले असते आणि तुम्हाला ते सोसलं नसतं. आता मानते. तुमच्यापर्यंत पोचत असतील तर तोंड वाकडं करू नका.

आज रविवार होता. मी नेहमीच्या वेळेला फाटकाशी उभी होते. कोण येईल ते माहीत नव्हतं. प्राजक्ता आली, स्कूटीवर, मागं सई. इतक्या वर्षांत ती एकदाही आत आलेली नव्हती, त्या पहिल्या भांडणानंतर सईला सोडायलाही कधी आलेली नव्हती. सईला उतरवून ती जायला निघाली, मग गाडी स्टँडवर लावली आणि म्हणाली, "मी येऊ का थोडं आत?"

सई चाचांकडे पळाली. आम्ही दोघी चालायला लागलो. पुलावर आल्यावर तिनं विचारलं, "आई इथं काय बोलायची हो? घरी कधी सांगायची नाही."

मी सांगायला लागले. मेंदीच्या कुंपणाचं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला, आणि हसता हसता रडली, आणि मी थांबले तर म्हणाली, "सांगा ना, थांबू नका."

निखिल आला तेव्हा माझं निम्मंही सांगून झालं नव्हतं. त्यानं फाटकातून आम्हाला दोघींना बाकावर बसलेलं बघितलं. मी उठायला लागले, तर त्यानं लांबूनच हात केला, बसा म्हणून, आणि गाडी बंद करून तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

तुमची,
विहीण